शिगोशीग

आईच्या तांदळाच्या डब्यात मापाला एक कप असतो. जर्मन सिल्व्हरचा, दोन कानांचा, त्यातला एक कान कधीच तुटलाय. घासून घासून अक्षरं पुसट झालीत, पण उजेडात तिरका धरला की अजून वाचता येतं: ‘सुदृढ बालक स्पर्धा, प्रथम क्रमांक, १९८४’. चार माणसांना दोन कप तांदूळ, तेही शिगोशीग. सपाट भरलेलं माप आईला बघवत नाही.

हा कप माझ्या धाकट्या भावाने, बाळूने, दीड वर्षाचा असताना जिंकला. लालबागला आमच्या चाळीच्या आवारातच स्पर्धा होती. मी सात वर्षांची होते, त्यामुळे मला ती नीट आठवते. पोरांना उघडं करून काट्यावर बसवत होते. एका पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांनी बाळूच्या मांडीला चिमटा घेऊन पाहिला, वळ्या मोजल्या आणि शेजारच्या बाईंकडे बघून मान डोलावली. सुदृढ म्हणजे वजनदार, एवढाच त्या दिवशीचा अर्थ होता. दुसरा नंबर पावशेराने मागे राहिला. बाळू भोकाड पसरून रडत होता, तो हातात ग्लुकोजचं बिस्कीट पडल्यावर गप्प झाला. घरी आल्यावर आजीने त्याची मीठमोहरीने दृष्ट काढली.

बाळू आता त्रेचाळीस वर्षांचा आहे. छत्तिसाव्या वर्षी त्याला मधुमेह निघाला. त्याची मुलगी मिनू नऊ वर्षांची आहे, आणि हे सगळं डोक्यात यायला निमित्त तिचंच. गेल्या महिन्यात शाळेच्या तपासणीत तिचं वजन वयाच्या मानाने बरंच जास्त निघालं, म्हणून तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. भावजयीला सुट्टी मिळेना, तेव्हा मी आणि आई गेलो. मला वाटलं होतं डॉक्टर विचारतील, मुलगी काय खाते, वडापाव किती, चिप्स किती. त्यांनी विचारलं, जन्माच्या वेळी वजन किती होतं? आईला गरोदरपणात साखर होती का? अंगावरचं दूध किती महिने? पहिल्या वर्षात वजन कसकसं वाढलं? तिसऱ्या वर्षी रात्री किती तास झोपायची? वडिलांचं वजन किती?

मी फाइल उघडून उत्तरं देत होते. आई शेजारी पदर आवळून बसली होती. बाहेर आल्यावर रिक्षात म्हणाली, “म्हंजी पोरीनं काय खाल्लं ते इचारतच न्हाईत. आपण काय केलं तेच इचारत्यात.”

आईने नेमकं बोट ठेवलं होतं. इंग्लंडात ब्रिस्टलच्या परिसरात एक मोठा अभ्यास झाला. आठ हजारांहून जास्त मुलांची गर्भापासूनची माहिती ठेवली आणि सातव्या वर्षी कोण लठ्ठ झालं ते पाहिलं. २००५ साली तो छापून आला. पंचवीस गोष्टी तपासल्या, त्यातल्या आठ ठळकपणे जोडलेल्या निघाल्या: आईवडिलांचा लठ्ठपणा, जन्माचं वजन, पहिल्या वर्षातली वजनवाढ, लहान जन्मून भराभर भरून काढणं, आठव्या आणि अठराव्या महिन्यांतलं वजन, लहानपणी उतरलेली चरबी लवकर परतणं, तिसऱ्या वर्षी आठवड्याला आठ तासांहून जास्त टीव्ही आणि रात्रीची साडेदहा तासांपेक्षा कमी झोप. यातली एकही गोष्ट मूल स्वतः ठरवत नाही. मिनूला आज शाळेत ‘जाडे’ म्हणून हाक मारतात, तिला ‘जरा तोंडावर ताबा ठेव’ असा सल्ला सोसायटीतल्या काकू देतात, आणि हिशेब निघतो तो तिला दात यायच्या आधीचा.

मग मी त्याहून मागे गेले. बाळूच्या जन्मापर्यंत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. बाळू ऑक्टोबरात जन्मला. म्हणजे संप आणि बाळू एकाच महिन्यात आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत आले. आप्पा लूम खात्यात होते. आई खानावळ चालवायची. बारा जेवणकरी होते, सगळे गिरणीतले, बहुतेक आमच्या साताऱ्याकडचे. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, ते उगाच नाही. संप लांबला तसे जेवणकरी एकेक करून गावी गेले. उधारी तशीच राहिली. जे राहिले त्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते, पण त्यांना ताटावरून उठवायचं कसं, म्हणून आई वाढत राहिली. ती नेहमीच सगळ्यांच्या शेवटी जेवायची. त्या वर्षी शेवटी म्हणजे तव्यावरची अर्धी करपलेली भाकरी आणि आमटीच्या पातेल्यात फिरवलेलं पाणी.

आणि मिसरी. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी एकदा लावायची ती आई संपात दिवसातून चार-पाचदा लावू लागली, कारण मिसरीने भूक मरते. दोन जिवांच्या बाईने हे करू नये असं तिला कुणी सांगितलं नाही. आजीनेही सहा बाळंतपणं मिसरी लावूनच काढली होती. पुढे २००४ साली मुंबईतल्याच बाराशेवर गरोदर बायकांचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मिसरी, तंबाखू, गुटखा असं काहीतरी वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरत होती. बाळू दोन किलो शंभर ग्रॅमचा होता. त्यातले किती ग्रॅम मिसरीचे, किती संपाचे आणि किती आजीकडून आलेले, ते कोण सांगणार?

संपाची तुलना दुष्काळाशी करायला मन धजत नाही, पण वाचताना मला ती टाळता आली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ साली, जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली. माणशी रेशन हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या हिवाळ्यात पोटात असलेली मुलं एकोणीस वर्षांची होऊन लष्करी तपासणीला आली, तेव्हा संशोधकांना तीन लाख तरुणांच्या उंची-वजनाच्या नोंदी आयत्या मिळाल्या. १९७६ साली निष्कर्ष छापले. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा जास्त होता. शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतर लगेच झालेल्यांत तो कमी होता. भूक तीच, पण ती कधी आली त्यावर शरीराने वेगवेगळे धडे घेतले. सुरुवातीला आली तर शरीर जणू ठरवून टाकतं की बाहेर टंचाई आहे, मिळेल ते साठवायचं. बाहेर पडून पाहतं तर मामा दुधाचा डबा घेऊन उभा.

आमचा मामा गोदीत कामाला होता, त्याचा पगार चालू होता. बहिणीचं लेकरू सुपात मावेल एवढं आहे हे बघून तो दर महिन्याला पावडरीच्या दुधाचा डबा आणू लागला. डब्यावर लिहिलं असेल त्यापेक्षा आजी एक चमचा जास्तच घालायची. घट्ट दूध अंगी लागतं, असं तिचं म्हणणं. बाटली संपली नाही तर बाळूच्या तळपायाला टिचकी मारून त्याला जागं करायची आणि राहिलेलं पाजायची. वर्षभरात त्याने असं बाळसं धरलं की चाळीतल्या बायका त्याला उचलून घ्यायला रांग लावायच्या.

बाळसं हा शब्द मला फार आवडतो. आपल्या भाषेत बाळाच्या अंगावरच्या चरबीला स्वतंत्र नाव आहे, आणि ते नाव नेहमी क्रियापदाबरोबर येतं. बाळसं धरतं आणि बाळसं उतरतं. पोर चालायला लागलं, दारादारांतून धावायला लागलं की बायका सहज म्हणतात, बाळसं उतरलं हो त्याचं. त्यात तक्रार नसते. लहान मुलांच्या शरीराचा आलेख नेमका असाच असतो. पहिल्या वर्षात उंचीच्या मानाने वजन चढतं, मग उतरत जातं, पाच-सहा वर्षांचं पोर सगळ्यात सडपातळ असतं, बरगड्या मोजता येतात. त्यानंतर पुन्हा चढण सुरू होते. फ्रान्समधल्या रोलाँ-काशेरा नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही परतीची चढण मोजली, आणि दाखवून दिलं की ज्यांची ती साडेपाच वर्षांच्या आधी सुरू होते ती मुलं सोळाव्या वर्षी जास्त स्थूल असतात. हा निबंध १९८४ सालचा. बाळूच्या कपाचं आणि त्याचं साल एकच, हे लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन कप पुन्हा तिरका धरून बघितला.

बाळूचं बाळसं उतरलं खरं, पण सगळं नाही, आणि चौथ्या वर्षी ते परत आलं. कुणाला वावगं वाटलं नाही. आजीला तर पोर पहिल्यासारखं दिसायला लागलं याचा आनंद. दिल्लीत १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा असाच दीर्घ मागोवा घेतला गेला. तिथे तर आणखी बारीक गोष्ट दिसली. मोठेपणी मधुमेह झालेली किंवा त्याच्या उंबरठ्यावर आलेली माणसं दोन वर्षांपर्यंत बारीकच होती, त्यांची परतीची चढण लवकर सुरू झाली, आणि बाराव्या वर्षी त्यांच्यातलं एकही मूल लठ्ठ म्हणण्याजोगं नव्हतं. म्हणजे डोळ्यांना दिसेल असं काही नव्हतंच.

डोळ्यांना न दिसणाऱ्या चरबीबद्दल पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम मोठं आहे. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास त्यांनी पुण्यातल्या केईएम रुग्णालयातून केला. तिथली पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची साडेतीन. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोट लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. बारीक दिसणारं, आतून जाड बाळ. त्याच याज्ञिकांचा इंग्लंडातल्या युडकिन या डॉक्टरांबरोबरचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हा फोटो मी बाळूला दाखवला. तो म्हणाला, “ताई, मी तर बाहेरूनही दिसतो.”

आता मिनूचं.

बाळूचं ऑफिस लोअर परळला आहे, एका काचेच्या इमारतीत, आप्पांच्या गिरणीपासून हाकेच्या अंतरावर. (हे फार जुळवून आणल्यासारखं वाटतं, मला कळतंय, पण गिरण्यांच्या जमिनीवर नोकरी करणारी गिरणी कामगारांची मुलं या शहरात इतकी आहेत की यात नवल काही नाही.) घर मुलुंडला. भावजयीचं ऑफिस अंधेरीला. मिनू ऑगस्ट २०१६ मध्ये झाली. गरोदरपणात भावजयीला साखर निघाली होती. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच लागला की डोहाळजेवणात पेढ्याऐवजी ढोकळा ठेवायचा. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून जास्तीची साखर पोचते आणि त्यावर ते स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, हे मला परवा डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

बाळंतपणाची रजा बारा आठवडे मिळाली. ती सव्वीस आठवड्यांची झाली एप्रिल २०१७ पासून, म्हणजे भावजयीने आठ महिने उशीर केला असता तर मिनूला आईचं दूध सव्वातीन महिने जास्त मिळालं असतं. ती ऑफिसच्या टॉयलेटमध्ये उभी राहून दूध काढायची आणि बेसिनमध्ये ओतून द्यायची. सहा आठवड्यांनी दूध आटलं. मग डबा आला. मुंबईत कुणाच्याही घरी जा, अंगावरचं दूध सोडण्याचं कारण त्या बाईच्या मनात नसतं, लोकलच्या डब्यात किंवा हजेरीपटात असतं. अंगावर पिणारं मूल पोट भरलं की तोंड फिरवतं आणि किती प्यायलं ते कुणाला दिसत नाही. बाटलीवर आकडे असतात. आकडे दिसले की आमच्या आईसारखी बाई राहिलेलं टाकू देत नाही.

बाळाचं जन्माचं वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट होतं. मिनूचं तिसऱ्यातच झालं. लसीकरणाच्या कार्डावरच्या आलेखात तिची रेघ एका पट्ट्यातून वरच्या पट्ट्यात गेली, मग त्याच्याही वरच्या. आम्ही ते कार्ड व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवत होतो. रेघ वर जाते आहे म्हणजे छान चाललंय, असं मीही लिहिलं होतं, टाळ्यांसकट. तो मेसेज शोधून काढला. आहे अजून.

झोपेचं तर विचारूच नका. बाळू तेव्हा साडेनऊच्या पुढची गाडी पकडायचा, दारात पोचायला पावणेअकरा. बापाला लेक दिवसातून एवढीच भेटणार, म्हणून तिला जागं ठेवायचं. मग खेळ, मग थोडं दूध, मग बारा. सकाळी पाळणाघरात सोडायला सात वाजता उठवायचं. साडेदहा तास झोप म्हणे! मध्य रेल्वेच्या वेळापत्रकात ती बसत नाही.

मोबाइलबद्दल मी तावातावाने बोलणार होते. व्हिडिओ लावल्याशिवाय मिनू तोंड उघडत नसे आणि लावला की वाटीभर वरणभात नकळत संपायचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वर्षाच्या आतल्या मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाहून जास्त नको. आमच्या वेळी कसं, हा घास चिऊचा, हा घास काऊचा, असं काहीतरी मी आईला म्हणत होते. बोलता बोलता थांबले. चिऊ आणि काऊ तरी कशासाठी यायचे? पोट भरल्याचं पोराच्या लक्षात येऊ नये म्हणूनच ना? तोंड फिरवलं की खिडकीकडे बोट दाखवायचं, आ वासला की घास आत. चिमण्या स्वस्त होत्या, एवढंच.

आईला हे सगळं मी हळूहळू सांगत गेले, आणि ते चुकलं. एके दुपारी शेंगा सोलता सोलता तिने विचारलं, “मंजे बाळूची शुगर माझ्यामुळं? मी मिसरी लावली म्हणून?”

मी नाही म्हटलं. हे सगळे आकडे हजारो मुलांच्या घोळक्याचे आहेत, त्यांतून एका बाळूचं कारण काढता येत नाही, हेही सांगितलं. मग मी तिला ‘सरस’ची गोष्ट सांगितली, कारण ती मुंबईची आहे आणि त्यात बायकांना कुणी दोष दिलेला नाही. २००६ पासून डॉ. रमेश पोतदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या साडेसहा हजार बायकांबरोबर एक प्रयोग केला. दिवस जायच्या आधीपासून प्रसूतीपर्यंत रोज एक खाऊ द्यायचा. निम्म्या बायकांच्या खाऊत पालेभाज्या, फळं, दूध. बाकीच्यांच्या खाऊत साध्या, कमी पोषणाच्या भाज्या. गोळ्या नाहीत, सामोशासारखा गरम पदार्थ. एकूण सगळ्यांचा हिशेब केला तर बाळांचं वजन फारसं वाढलं नाही. दिवस जायच्या निदान तीन महिने आधीपासून खाणाऱ्यांत ते ४८ ग्रॅमने वाढलं, तेही फार हडकुळ्या नसलेल्या बायकांत जास्त. पण गरोदरपणातला मधुमेह १२.४ टक्क्यांवरून ७.३ वर आला.

“रोज?” आईने विचारलं. “रोज गरम?”

“रोज.”

“आन् त्या बायांना बसून खायला लावायचे?”

हो, केंद्रावर येऊन, समोर बसून खायचं. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला कुणी बसवून वाढलं असतं तर मी बी खाल्लं असतं.”

महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांत जास्त वजनाचं प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १.९ टक्के होतं, २०१९-२१ च्या पाहणीत ४.१. त्याच पाहणीत पस्तीस टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. या दोन आकड्यांकडे वेगवेगळ्या मुलांचे आकडे म्हणून बघायची सवय आहे. आमच्या घरात मात्र दोन्ही एकाच माणसाचे आहेत, दीड वर्षाच्या अंतराने.

मिनूच्या डॉक्टरांनी तिला बारीक करायला सांगितलेलं नाही. वजन आहे तिथे थोपवा, उंची वाढू दे, असं म्हणाले. नऊच्या आत झोप. जेवताना पडदा बंद, घरातल्या सगळ्यांचा. ताटात वाढलेलं संपवायची सक्ती नको. शेवटचं ऐकताना आईचा चेहरा असा झाला की जणू तिला कुणी घराबाहेर काढतंय. बाळू आता साडेसातची गाडी पकडायचा प्रयत्न करतो, आठवड्यातून दोनदा जमतं.

गेल्या रविवारी सगळे लालबागला होते. आई तांदूळ काढत होती, मी ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. तिने कप डब्यात खुपसला, शिगोशीग भरून वर काढला, माझ्याकडे पाहिलं. मग बोटाने वरची शीग झटकून सपाट केली. दुसराही सपाट. मी काही बोलले नाही, कोथिंबिरीच्या काड्या टाकायला वळले. पाठीमागे डब्याचं झाकण पुन्हा उघडल्याचं ऐकू आलं, आणि मूठभर तांदूळ पातेल्यात पडल्याचा आवाज.